घोडेटेकाच्या एस्तेरबाई

काळेगव्हाणात कुणी मोठ्यानं ओरडलेलं ऐकू आलं, तर लोक धावत बाहेर येत नाहीत. "एस्तेरबाई बोलताहेत," असं म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात. त्यांना हळू बोलता येत नाही. चर्चमध्ये गीत म्हणायला उभ्या राहिल्या की पाळकसाहेब पेटी वाजवणाऱ्याला खूण करतात, की आता जोरात वाजव, नाहीतर पेटी ऐकूच यायची नाही.

हा आवाज त्यांनी बेलापूरहून माहेरून आणला. त्यांचे वडील साखर कारखान्यात सुतार होते आणि घर होतं कॅनॉलच्या कडेला. पाण्याच्या या काठावरून त्या काठावरच्या भावांना हाका मारता मारता आवाज तयार झाला, आणि त्याच कॅनॉलमध्ये त्या पोहायलाही शिकल्या. मुलीच्या जातीनं असं पाण्यात उड्या टाकणं बरं दिसत नाही, असं कुणीतरी वडिलांना सांगितलं. वडील म्हणाले, "कॅनॉल दारातच हाय. पोरगी पोहली तर लोक बोलत्याल, बुडली तर मी रडंल. बोलू द्या लोकांना."

लग्न झालं ते आमच्या जेम्स पाटोळे मास्तरांशी. मास्तरांनी आणि मी एकाच शाळेत वीस वर्षं शिकवलं, म्हणून ही सगळी हकिगत मला जवळून माहीत आहे. मास्तरांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत कधी पोचला नाही. एस्तेरबाईंचा नदीपल्याडच्या गावात जातो. पण संसार फार चांगला झाला.

आमचं गाव शेवगाव तालुक्यात, धरणाच्या फुगवट्यावर. पन्नास वर्षांपूर्वी पाणी चढत आलं तेव्हा गावाची खालची शिवारं त्यात गेली. पण पाणी काही बारा महिने एका पातळीला राहत नाही. माघ महिना उजाडला की ते हळूहळू उतरू लागतं आणि बुडालेली जमीन पुन्हा वर येते, काळीभोर गाळाची. ज्यांची जमीन गेली त्यांना पाऊस येईपर्यंतच्या तीन-चार महिन्यांपुरती ती पेरायला मिळते. तिला गाळपेर म्हणतात. मास्तरांच्या वाडवडिलांची पट्टी होती घोडेटेकाच्या उतारावर.

घोडेटेक म्हणजे एकेकाळची टेकडी. आता चारी बाजूंनी पाणी असलेलं बेट. त्यावर घर नाही, विहीर नाही, झाडही नाही, कारण अर्धं वर्ष ते पाण्याखाली असतं. माथ्यावर नुसता मुरूम आणि गोटे. खालच्या उताराला मात्र असा गाळ, की काडी खोचली तर फुटावी. एस्तेरबाई तिथं खरबूज लावायच्या. होडी वल्हवत एकट्या जायच्या, एकट्या यायच्या. शेवगावच्या बाजारात त्यांचं खरबूज आलं की दुसऱ्याचं कुणी हुंगून बघत नसे.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. फाल्गुन संपत आला होता. वेल पसरले होते, फुलं धरली होती. एके दिवशी एस्तेरबाई खुरपायला टेकावर गेल्या आणि दुपारच्या आतच परतल्या. पदरावर, केसांवर पांढरे डाग. मास्तर ओट्यावर पेपर वाचत बसले होते.

"मास्तर, तुमचं ते गाडीचं हेल्मेट द्या मला."

"होडीला हेल्मेट कशाला?"

"होडीला न्हाई, डोक्याला. टेकावर पाखरं आल्यात पांढरी. लई आगाऊ. वरनं सुरकांडी मारून येत्यात, टोचा मारत्यात आन जाता जाता डोक्यावर घान करत्यात."

दुसऱ्या दिवसापासून एस्तेरबाई हेल्मेट घालून खुरपायला बसू लागल्या. टेकाजवळून जाणारे मासेमार ते बघून वल्ही थांबवायचे. गावात हसून हसून पुरेवाट झाली. एस्तेरबाईंना त्याचं काही नव्हतं. त्यांना कुतूहल होतं ते वेगळंच. ही पाखरं आपल्यावरच का चिडतात? आपण तर त्यांच्या वाटेलाही जात नाही. म्हणून एक दिवस खुरपं ठेवून त्या हळूहळू माथ्याकडं चढल्या. पाखरांनी आभाळ डोक्यावर घेतलं. आणि गोट्यांमध्ये पाय ठेवायला जाणार, तोच त्यांना दिसलं की पायाखालचा गोटा हा गोटा नाहीच. अंडं आहे. मातकट हिरवं, त्यावर तपकिरी ठिपके. शेजारी आणखी एक. घरटं म्हणावं तर काडीसुद्धा नव्हती, नुसता मुरुमात केलेला उथळ खळगा. मग नजर सरावली आणि सगळ्या माथ्यावर अशीच अंडी दिसू लागली. एस्तेरबाई होत्या तशा एका पायावर थांबल्या आणि आल्या पावली, पाऊल तपासत तपासत, मागं उतरल्या.

हेल्मेटवाल्या बाईची बातमी वनखात्याच्या ज्ञानेश्वरपर्यंत गेली. तो आमच्या भागाचा वनरक्षक. राहात्याकडचा मुलगा, मन लावून काम करणारा. दुर्बीण घेऊन आला, एस्तेरबाईंच्याच होडीतून टेकाला एक लांबून वळसा घातला आणि म्हणाला, "बाई, हे नदी सुरय. काळी टोपी, पिवळी चोच, शेपटी कातरीसारखी. समुद्रावर जी सुरय पाखरं असतात ना, त्यांचेच हे भाऊबंद."

"आता समुद्र कुटं आन शेवगाव कुटं!"

"कुळ एकच. ती समुद्रातल्या बेटांवर अंडी घालतात, ही नदीतल्या. पण नद्यांमधली वाळूची बेटं आता राहिली कुठं? म्हणून धरणातलं असं एखादं उघडं टेकाड शोधतात. माणूस नको, जनावर नको आणि झाडही नको. झाड असलं की कावळा, ससाणा टपून बसतो. चारी बाजूंनी पाणी हेच त्यांचं कुंपण."

"मग मी हाय की तिथं रोज."

"तुम्ही खाली असता. माथ्यावर जाऊ नका, एवढं पुरे."

एस्तेरबाई माथ्यावर गेल्या नाहीत. पण खुरपता खुरपता त्यांचं अर्धं लक्ष वर असायचं. ऊन चढलं की अंड्यावर बसलेलं पाखरू उडून पाण्यावर जायचं, पोट पाण्यात बुडवायचं आणि तसंच ओलं पोट घेऊन परत अंड्यावर येऊन बसायचं. हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खुरपं हातातच राहिलं. रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या अंगणात बायकांना सांगत होत्या, "आपन लेकराच्या कपाळावर पान्याची पट्टी ठिवतो का न्हाई ताप आल्यावर? तसंच बघा. फकस्त हितं आईच पट्टी." हे सांगताना त्यांचा आवाज इतका चढला, की अंगणाबाहेर रिक्षा थांबवून रिक्षावालाही ऐकत होता.

त्या वर्षी पाणी भराभरा उतरलं. चैत्रात टेक आणि काठ यांच्यामधली जमीन वर आली. आमच्याकडं म्हणतात, टेकाची वाट उघडली. एस्तेरबाईंना आनंदच झाला. आता खरबुजं होडीनं वाहायची गरज नव्हती, टेम्पो थेट वेलापर्यंत येणार होता. दोन खेपा गेल्यासुद्धा. त्याच वाटेनं पारनेरकडचा हनुमंत आपल्या मेंढ्या घेऊन टेकाच्या काठाला आला. दरवर्षी उन्हाळ्यात त्याचा कळप आमच्या भागात असतो. माळ करपून गेलेला, हिरवं गवत तेवढं पाण्याच्या कडेला उरलेलं. आणि मेंढ्या गेल्या त्या वाटेवर दुसऱ्या दिवशी गावातली कुत्री गेली.

सकाळी एस्तेरबाई खरबुजं तोडायला गेल्या तेव्हा त्यांना आधी जाणवली ती शांतता. डोक्यावर कुणी झेपावलं नाही. माथ्यावर सगळीकडं कवचं आणि पिसं. नुकती अंड्यातून बाहेर आलेली पिलं, मुरुमाच्याच रंगाची, इकडं तिकडं पडलेली. उरलीसुरली मोठी पाखरं पाण्यावर घिरट्या घालत होती. एक पाखरू तेवढं आपल्या रिकाम्या खळग्यावर येऊन बसलं होतं. ते उठून खळग्यात बघायचं आणि परत बसायचं.

त्या दिवशी त्या घरी आल्या आणि ओट्यावर बसून राहिल्या. मास्तरांनी विचारलं, काय झालं. बोलल्या नाहीत. भाकरी वाढली तर तशीच. संध्याकाळी मास्तर माझ्या घरी आले, चेहरा पांढरा पडलेला. म्हणाले, "जरा चला हो. ती सकाळपासून गप्प आहे." सत्तावीस वर्षांच्या संसारात त्यांना असा अनुभव नव्हता.

मी गेलो. त्या माझ्याशी बोलल्या, पण हळू बोलल्या. "वाट उघडली म्हनून मी पेढे वाटायची बाकी हुते, भाऊ. टेम्पो येनार म्हनून. वाटंवरनं टेम्पो येतो तसं कुत्रंबी येनार, एवढं माज्या डोक्यात आलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मात्र आवाज परत आला. काठावर हनुमंताला गाठून त्यांनी त्याला असं फैलावर घेतलं की मेंढ्या बिचकून पांगल्या. हनुमंत काठीवर हनुवटी टेकून सगळं ऐकून घेत होता. त्यांचं संपल्यावर म्हणाला, "बाई, मेंढरं अंडी खात्यात का?"

"मेंढरं न्हाई खात. मागनं कुत्री येत्यात."

"माजी कुत्री मेंढरांच्या वाड्यावर बांधल्याली हुती. गेली ती तुमच्या गावची. आन मला सांगा, सगळा माळ जळून गेलाय. हिरवं त्येवढं त्या टेकाच्या कडंला हाय. मेंढरांनी काय वारं खायचं?"

 एस्तेरबाईंनी मला नंतर सांगितलं, "भाऊ, मानूस खरं बोलला की भांडता येत न्हाई. लई अडचन हुती."

त्या घरी परतल्या, पण डोकं चालू होतं. वैशाखात काठावर श्रीमंत कराळेचा जेसीबी सुरू झाला. दर उन्हाळ्यात पाऊस पडायच्या आधी लोक गाळ काढून आपल्या शेतात टाकतात. खत घालायची गरज राहत नाही, इतकी ती माती कसदार. ट्रॅक्टरची रांग लागलेली असते. एस्तेरबाई टेकावरच्या शेवटच्या खरबुजांसाठी तिथून येत-जात होत्या. आदल्या दिवशी जिथं गाळ काढला होता, तिथल्या खड्ड्यात सकाळी झिरपून पाणी भरलेलं त्यांना दिसलं. त्या थांबल्या. खड्ड्याकडं बघितलं, मग टेकाच्या वाटेकडं. आणि तशाच वळून वाटेच्या मध्यावर गेल्या, टेम्पोच्या चाकोरीशेजारी खुरप्यानं हातभर खोल खणलं आणि पाटीभर माती घेऊन श्रीमंतच्या पुढ्यात आणून ओतली.

"श्रीमंतराव, ही माती बघा."

श्रीमंतनं जेसीबीवरूनच बघितली. मग उतरला. चिमटीत घेऊन चोळली. लोण्यासारखी माती, खडा म्हणून लागेना.

"कुठली ही?"

"टेकाच्या वाटंवरची. तुमी हितं काठाला नुसता रेताड उपसताय. पन्नास वर्सं सगळा गाळ पान्यानं तिथं आनून ठिवलाय."

ट्रॅक्टरवाले जमा झाले. प्रत्येकानं माती हातात घेतली. शेतकरी माणसाला चांगली माती हातात आल्यावर ती खाली टाकवत नाही. श्रीमंत हुशार माणूस. तो हसला आणि म्हणाला, "बाई, माती चांगली हाय, पन तुमचा डाव माझ्या ध्यानात आलाय. वाट खनली की पुढच्या साली तिथं पानी राहनार. कुत्री जानार न्हाईत."

"न्हाई जानार."

"आन तुमचा टेम्पो?"

लोक बघू लागले. एस्तेरबाईंनी हातातली रिकामी पाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "पुढच्या सालापास्नं मी टेकावर पेरनार न्हाई."

हे पहिल्यांदा ऐकणाऱ्यांत मास्तरही होते. ते डबा घेऊन आले होते. पुढं दोन दिवस त्यांच्या घरात यावर बोलणं चाललं. मास्तरांचं म्हणणं, खाली उताराला पेरलं तर काय बिघडतं? पाखरं तर माथ्यावर असतात.

"बिघडत न्हाई," त्या म्हणाल्या. "पन मी टेकावर जायचं आन हनुमंताला येऊ नको म्हनायचं, एवढं त्वांड मला न्हाई. आधी मी उठते. मग दुसऱ्याला उठ म्हनते."

"आणि खरबूज?"

"काठाला आपली पड जमीन हाय. मातीच तर लागती. ती वाटंवरची आनू या की चार ट्रॉल्या."

परवानगीची धावपळ ज्ञानेश्वरनं केली. मोजणीवाला माणूस त्यानंच आणला, पाणी किती खाली जातं त्याचा अंदाज काढला, कुठून कुठपर्यंत आणि किती खोल खणायचं ते दोऱ्या लावून दाखवलं. एस्तेरबाईंना एवढी सुबक आखणी झालेली बघून फार बरं वाटलं. त्यांनी त्याला जेवायला बोलावून मटण केलं. आणि मग पाऊस येईपर्यंत जेसीबी त्या वाटेवरच चालत राहिला. आमच्या गावचेच काय, शेजारच्या दोन गावांचे ट्रॅक्टर माती न्यायला आले. पाखरांसाठी कुणाला काही करावं लागलं नाही. जो तो आपल्या शेतासाठी राबला आणि वाटेच्या जागी एक रुंद खंदक तयार झाला.

राहिला हनुमंत. त्याच्या मेंढ्यांचं काय, हा प्रश्न एस्तेरबाईंनी डोक्यातून जाऊ दिला नव्हता. पुढच्या फाल्गुनात, तो यायच्या आधीच, त्या गावात घरोघर फिरल्या. गहू निघाला होता, कांदा निघत होता, रानं रिकामी होती. मेंढ्या शेतात बसवल्या की त्यांच्या लेंड्यांनी रानाला खत मिळतं, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत. पण ज्याला त्याला वाटतं, मेंढपाळ आपणहून आला तर बघू. एस्तेरबाईंनी दारात उभं राहून एकेकाला विचारलं. "तुमच्या रानात चार दिवस बसवू का? कांद्याची पात, गव्हाचा चारा मेंढरं खात्याल, खत तुमाला राहील. पान्याचा हौद तेवढा भरून ठिवा." नाही म्हणायला दम लागतो, आणि त्यांच्यापुढं तेवढा दम फार कमी लोकांकडं आहे. हनुमंत आला तेव्हा उन्हाळाभर पुरतील इतकी रानं त्याच्यासाठी ठरलेली होती. त्यानं आपल्या लालभडक मुंडाशाची टोकं सारखी केली आणि म्हणाला, "बाई, आजवर लोकांनी मला रानातनं हाकललं. बलवायला तुमीच पयल्या."

पाखरं आली. पहिल्या वर्षीपेक्षा जास्त आली. एस्तेरबाई आता टेकावर जात नव्हत्या. काठावर खरबुजाच्या आळ्यांत बसल्या बसल्या ज्ञानेश्वरनं दिलेली जुनी दुर्बीण डोळ्यांना लावायच्या. मास्तर निवृत्त झाले होते. तेही छत्री घेऊन शेजारी बसायचे. पिलं निघाली त्या दिवशी मास्तरांनी दुर्बिणीतून बघितलं आणि स्वतःहून मोठ्यानं ओरडले, "अगं, चालताहेत!" काठावर त्यांचा आवाज ऐकून लोक चकित झाले.

पण त्या वर्षी पाणी आधीच्या वर्षीपेक्षाही खाली गेलं. खंदकाची एक बाजू पावसाळ्यात ढासळून आत आली होती. तेवढ्या जागी पाणी गुडघाभरच उरलं. एका संध्याकाळी चार-पाच कुत्री काठावर येऊन उभी राहिली. एक पाण्यात उतरलं, पोटापर्यंत गेलं आणि परत फिरलं. उद्या ते परत फिरणार नव्हतं. पिलांना अजून उडता येत नव्हतं.

एस्तेरबाईंनी तिथूनच हाक दिली. त्या हाकेचं वर्णन मी करू शकत नाही. मी घरात चहा पीत होतो आणि कप बशीत ठेवून, चपला न घालता निघालो. निम्मं गाव असंच निघालं. श्रीमंतनं बाभळीच्या तोडलेल्या फांद्यांनी ट्रॉली भरून आणली. एस्तेरबाई साडीचा काचा मारून पाण्यात उतरल्या. त्यांच्यामागं आम्ही सगळे. त्या गुडघाभर पाण्यात आम्ही काटेरी फांद्या एकीत एक अडकवत या टोकापासून त्या टोकापर्यंत लावल्या. हाताला काटे, पायाला चिखल. मास्तरांना पोहता येत नाही. ते काठावरून फांद्या पुढं देत होते आणि दर फांदीला "सांभाळून" म्हणत होते. उजेड असेपर्यंत काम झालं.

"पन काट्याला कुत्रं किती दिवस ऐकंल?" श्रीमंत म्हणाला.

तेवढ्यात हनुमंत आला. मागं त्याचा सगळा कळप. त्या दिवशी त्याच्या मेंढ्या गावाच्या दुसऱ्या टोकाला एका रानात होत्या. चांगला चारा सोडून तो आला होता. त्यानं खंदकाच्या तोंडाशी, काठावर, आपला वाडा उतरवला. खुंट्या ठोकल्या, जाळी बांधली आणि आपली दोन दांडगी कुत्री मोकळी सोडली. गावची कुत्री लांबूनच पाय लावून पळाली.

"आरं, हितं गवताची काडी न्हाई. मेंढरं काय खात्याल?" एस्तेरबाईंनी विचारलं.

"दिवसा चारून आनीन, मुक्कामाला हितं यीन. पाखरं राखायची कशी ते मला म्हाईत न्हाई बाई. पन कुत्र्याची भाषा कुत्र्याला कळती."

पिलं उडेपर्यंत हनुमंत तिथून हलला नाही. एस्तेरबाईंच्या घरून त्याला रोज भाकरी जायची. गावातले लोक संध्याकाळी वाड्याशी येऊन बसू लागले. एस्तेरबाई दुर्बीण फिरवायच्या आणि ज्याला दिसलं नाही त्याला दिसेपर्यंत सोडायच्या नाहीत.

पिलं उडाली ती एका सकाळी, वारा सुटला होता तेव्हा. आधी नुसते पंख उघडून वाऱ्यात उभी राहत होती. मग एक उचललं गेलं, हातभर वर, आणि परत खाली आदळलं. पुन्हा उठलं. या खेपेला खाली आलं नाही. वाकडंतिकडं, घाबरत घाबरत पाण्यावर गेलं. त्याच्यामागं आई की बाप कोण जाणे, सारखं ओरडत होतं. मग एकामागून एक निघाली. एस्तेरबाई उभ्या होत्या, दोन्ही हात कमरेवर. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या मोठमोठ्यानं हसत होत्या. "गेलं बघा! गेलं! अरं, त्ये बारकं बघा, त्येबी गेलं!"

नंतरची दोन वर्षं असंच चाललं. खंदक नीट झाला, ढासळलेली बाजू दगडांनी बांधली. मग गेल्या वर्षी झालं उलटंच. पाऊस एवढा चांगला झाला की उन्हाळा सरत आला तरी धरणात पाणी टिकून होतं आणि घोडेटेक काही वर आलंच नाही. पाखरं आली, पाण्यावर दोन दिवस फिरली आणि दिसेनाशी झाली. लोक एस्तेरबाईंना भेटायला येऊ लागले, दुःखाच्या घरी यावं तसे. पाळकसाहेबांनी उपासनेत त्यांच्यासाठी खास प्रार्थना केली.

एस्तेरबाईंना हसूच आलं. "अहो, धरन भरलंय. शिवारात पानी हाय. त्याचं वाईट वाटून घेऊ का मी? आन पाखरं काय माझ्या नावावर हायेत? त्यांनी दुसरं घर बघितलं असंल. कुटं बघितलं तेवढं बघून येते."

आणि त्या खरोखर निघाल्या. होडीत भाकरी, पाण्याची बाटली आणि मास्तर. मास्तरांनी लाइफ जॅकेट घातलं होतं, ज्ञानेश्वरकडून मागून आणलेलं. दोन दिवस काठाकाठानं हिंडून तिसऱ्या दिवशी, आमच्यापासून बऱ्याच वरच्या अंगाला, नेवासे तालुक्यातल्या एका वस्तीसमोर त्यांना पाखरं सापडली. उंचावरचं एक टेकाड तेवढं पाण्याबाहेर राहिलं होतं. माथ्यावर सगळीकडं पांढरं पांढरं. आणि खालच्या अंगाला चरत होत्या शेळ्या.

शेळ्या होत्या गोजरबाई नावाच्या एका म्हाताऱ्या बाईच्या. ती त्यांना नावेतून टेकाडावर सोडायची आणि संध्याकाळी आणायची. एस्तेरबाई थेट तिच्या अंगणात गेल्या. ओळख ना पाळख. "सलाम, बाई. घोटभर पानी द्या," म्हणून बसल्या. पाण्याचा चहा झाला, चहाचं जेवण झालं. मास्तर सांगतात, जेवण होईपर्यंत हिनं पाखरांचा विषयच काढला नाही. शेळ्यांचंच विचारत होती. दूध किती देतात, करडं किती, पाला कुठून आणता.

मग हात धुताना म्हणाल्या, "तुमच्या टेकाडावर पावनं आल्यात, ठाव हाय का?"

"व्हय की," गोजरबाई म्हणाली. "लई किरकिर करत्यात. शेळ्यांच्या डोक्यावर बसाया बघत्यात."

"बसाया न्हाई, मारायला. बाळंतपन चाललंय त्यांचं."

गोजरबाईनं अंगणातून टेकाडाकडं बघितलं. "आसं व्हय!" म्हणाली. "मग बाळंतिनीच्या खोलीत शेळ्या कशाला सोडायच्या? मला कुनी सांगितलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी शेळ्या गेल्या नाहीत. सरपंचांना, तिथल्या वनरक्षकाला भेटून मगच एस्तेरबाई आणि मास्तर परतले. येताना उन्हानं मास्तरांचं नाक सोलून निघालं होतं, आणि तरी दोघंही खुशीत होती.

यंदा पाणी मध्यम आहे. घोडेटेकही वर आलं आणि गोजरबाईंचं टेकाडही आहेच. फाल्गुनात पाखरं दोन्हीकडं उतरली. गोजरबाईंच्या नातवानं त्यांना मोबाईल घेऊन दिलाय. रोज सकाळी आठच्या सुमाराला एस्तेरबाईंचा फोन वाजतो आणि दोघींचं सुरू होतं. गोजरबाई म्हणतात, आमच्याकडं जास्त आहेत. एस्तेरबाई म्हणतात, तुम्हाला कमी दिसतं, मोजायला मी येते. फोन स्पीकरवर नसतो, पण दोन्ही बाजू आम्हाला घरात बसून ऐकू येतात.